काट्यावर उभ्या राहा आणि खरं सांगा!

मीरा रोडच्या नया नगरमध्ये लिफ्ट असलेल्या एखाद्या इमारतीत राहत असाल, तर लिफ्टमधली ती छोटी पाटी तुम्ही रोज बघत असाल. ‘८ माणसे, ५४४ किलो’. बघतो सगळ्याच, वाचत मात्र कोणी नाही. आज जरा भागाकार करून पाहा. माणशी ६८ किलो! म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्यानं तुमचं-माझं वजन आपल्याला न विचारताच ठरवून टाकलं. काही जणींना हा आकडा वाचून बरं वाटेल, काही जणी नाक मुरडतील, ते असो. मुद्दा असा की लिफ्टमध्ये तुम्ही आरशापाशी उभ्या राहा की दारापाशी, काही बिघडत नाही. एकूण वजन मर्यादेत असलं की झालं.

छोट्या विमानाचं तसं नाही. तिथं दोन प्रश्न असतात. वजन किती? आणि ते वजन कुठे?

तुम्ही म्हणाल, आम्हाला विमानाशी काय करायचंय? आमचं विमान म्हणजे सकाळची आठची लोकल! पण मैत्रिणींनो, दिवस बदललेत. केदारनाथला हेलिकॉप्टरनं जायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं, हे तुमच्यापैकी कुणी अनुभवलंही असेल. आपल्याकडच्या मुली धुळ्याला, बारामतीला विमान चालवायला शिकतात. व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर २०० तासांचं उड्डाण करावं लागतं, आणि त्याची सुरुवात दोन किंवा चार आसनांच्या लहान विमानावरच होते. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त स्त्रिया असलेल्या चमूचं फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलं, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची केवढी बातमी झाली होती! आता भारतात स्त्री वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. तेव्हा उद्या तुमची लेक किंवा भाची म्हणाली, “चल, तुला एक चक्कर मारून आणते,” तर हा हिशेब ठाऊक असलेला बरा. शिवाय तो अवघड मुळीच नाही. गुणाकार, बेरीज आणि शेवटी एक भागाकार. वाण्याच्या बिलाला लागतं तेवढंच गणित.

बागेतला सी-सॉ आठवा. एका टोकाला २० किलोचं पोर बसलं आणि दुसऱ्या टोकाला ६० किलोची आई बसली, तर पोर वरच्या वर लटकणार. पण आई मधल्या टेकूपासून ५० सेंटिमीटरवर सरकून बसली आणि पोर १५० सेंटिमीटरवर राहिलं, तर फळी आडवी होते. कारण ६० गुणिले ५० म्हणजे ३०००, आणि २० गुणिले १५० म्हणजेही ३०००. वजन आणि अंतर यांच्या या गुणाकाराला वैमानिक ‘मोमेंट’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यालाच आघूर्ण असं भारदस्त नाव आहे, पण आपण मोमेंटच म्हणू.

दुसरं उदाहरण रस्त्यावरचं. नया नगरच्या बाजारात हातगाडीवर गोणी चढवणारा माणूस पाहा. जड गोणी तो बरोबर चाकांच्या वर ठेवतो. सगळ्या गोणी मागे रचल्या तर गाडीचे दांडे आभाळाकडे जातील हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्कूटरच्या मागे गॅसचा सिलिंडर बांधून आणलेल्यांनाही कळेल, पुढचं हँडल कसं हलकं-हलकं, भरकटल्यासारखं वाटतं ते. रस्त्यावर असं झालं तर आपण थांबतो आणि सिलिंडर पुढे ओढून बांधतो. आभाळात थांबायला फुटपाथ नाही, म्हणून हा हिशेब जमिनीवरच करायचा.

आता विमानाकडे वळू. विमानाचं सगळं वजन जणू एकाच बिंदूत गोळा झालंय असं मानता येतं. तो गुरुत्वमध्य. साध्या छोट्या विमानात हा बिंदू पंख जिथून उचलतात त्या जागेच्या थोडा पुढे असतो. म्हणजे नाकाचा कल मुळातच खाली. तो कल सावरायला शेपटीचा आडवा पंख मागून विमानाला हलकेच खाली दाबत असतो. ही रचना मुद्दामची आहे. वाऱ्यानं नाक वर गेलं तरी विमान आपणहून सरळ होऊ पाहतं.

गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर नाक जड होतं, जमिनीवरून उठायला जास्त धावावं लागतं, आणि उतरताना वैमानिकानं कितीही दांडा ओढला तरी नाक पुरेसं वर येत नाही. मग पुढचं चाक आधी आपटतं. हे वाईटच. पण गुरुत्वमध्य फार मागे गेला तर ते त्याहून वाईट, कारण विमान त्या स्कूटरच्या हँडलसारखं होतं, जरा हात लावला की भलतंच वळतं. आणि नाक फार वर जाऊन पंखांची उचल संपली, त्याला ‘स्टॉल’ म्हणतात, तर सुटका होण्यासाठी नाक खाली यावं लागतं. शेपूट जड असली की ते खाली येतच नाही. विमान कोसळतं ते असं. केवळ वजन जास्त झालं तर धावपट्टी अपुरी पडते आणि चढ मंदावतो. त्यातून मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन! तापलेली हवा विरळ असते, पंखांना पकड मिळत नाही, आणि इंजिनही दमतं.

आता प्रत्यक्ष हिशेब. सेसना १७२ हे जगातलं सर्वांत जास्त बनलेलं विमान. चार आसनं, एक इंजिन. त्यातला १९७७ ते १९८० या काळात बनलेला ‘एन’ प्रकार घेऊ. त्याच्या पुस्तकात पौंड आणि इंच आहेत, मी किलो आणि सेंटिमीटर करून देते. सगळी अंतरं मोजायची ती इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्र्याचा पडदा असतो, त्याच्यापासून. त्याला फायरवॉल म्हणतात. पुढची आसनं तिथून ९४ सेंटिमीटरवर, पंखांतलं पेट्रोल १२२ वर, मागची आसनं १८५ वर, सामानाचा कप्पा २४१ वर. फायरवॉलच्या पुढे असलेल्या वस्तूंचं अंतर उणे धरायचं, उदाहरणार्थ इंजिनातलं तेल. जास्तीत जास्त वजन १०४३ किलो. आणि गुरुत्वमध्य १२० सेंटिमीटरच्या मागे जाता कामा नये. पुढची मर्यादा वजनाप्रमाणे बदलते. विमान हलकं असेल तर ८९, पूर्ण भरलेलं असेल तर ९८.

समजा, नया नगरच्या एका मुलीनं परवाना मिळवला आहे. वजन ५२ किलो. ती अम्मी-अब्बांना विमानातून फिरवायला नेते. दोघंही ८०-८० किलोचे. अम्मी म्हणते, “आम्ही दोघं मागेच बसतो गं, तू निवांत चालव.” किती साहजिक आहे! बरोबर बॅगा आहेत, खाण्याचे डबे आहेत, नातेवाइकांसाठी घेतलेलं काय-काय आहे. एकूण ५० किलो. कप्प्याची मर्यादा ५४ किलोची, म्हणजे तिथंही काही चुकलेलं नाही. पेट्रोल ८३ लिटर. आता पाण्यासारखं एका लिटरला एक किलो धरू नका हं. विमानाचं पेट्रोल लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरतं, तेव्हा ते झालं ६० किलो. रिकामं विमान ६६० किलोचं आणि त्याचा गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटरवर धरू.

रिकामं विमान : ६६० × १०० = ६६,०००
मुलगी : ५२ × ९४ = ४,८८८
अम्मी-अब्बा, मागे : १६० × १८५ = २९,६००
पेट्रोल : ६० × १२२ = ७,३२०
सामान : ५० × २४१ = १२,०५०

वजनांची बेरीज ९८२ किलो. मर्यादेपेक्षा तब्बल ६१ किलो कमी! एखादी म्हणेल, चला, झालं, निघू या. थांबा. मोमेंटची बेरीज येते १,१९,८५८. तिला ९८२ नं भागा. उत्तर १२२.१ सेंटिमीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मर्यादेच्या दोन सेंटिमीटर मागे. बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी अंतर, पण उड्डाण करायचं नाही. वजन कमी असूनही विमान बेकायदा आणि धोक्याचं आहे.

मग उपाय काय? इथं सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायची गरज नाही. एक सोपी युक्ती आहे. जे वजन हलवलं ते, गुणिले जितकं हलवलं ते अंतर, भागिले एकूण वजन. उत्तर येतं तेवढा गुरुत्वमध्य सरकतो. मुलगी म्हणते, “अब्बा, तुम्ही पुढे माझ्याशेजारी या.” ८० किलो, मागच्या आसनावरून पुढच्यावर, म्हणजे १८५ वजा ९४, ९१ सेंटिमीटर. ८० गुणिले ९१, भागिले ९८२. उत्तर ७.४. गुरुत्वमध्य एकदम ११४.६ वर आला, छान मर्यादेच्या आत. एक किलोही कमी न करता! अम्मींना मागे एकटं बसावं लागेल, पण डबे त्यांच्या ताब्यात राहतील.

अब्बा मागून हलायलाच तयार नसतील तर बॅगा कमी करायच्या. वस्तू काढली किंवा घातली की मात्र वरचं सूत्र चालत नाही, कारण एकूण वजनही बदलतं. काढलेल्या वस्तूचं वजन एका बेरजेतून आणि तिचं मोमेंट दुसऱ्या बेरजेतून वजा करायचं, मग नव्यानं भागायचं. निम्मं सामान, २५ किलो, ठेवून गेलं तर वजन ९५७, मोमेंट १,१३,८३३, आणि उत्तर जवळजवळ ११९. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

आणि इथंच आपल्या बायकांची एक खोड आडवी येते. पुरुषांचीही येते, त्यांनी हसू नये. वजन विचारलं की आपण चार-पाच किलो खाली सांगतो. डॉक्टरांपाशी सांगतो, शिंपिणीपाशी सांगतो, तिथं फारसं बिघडत नाही. आता वरच्या काठावरच्या हिशेबात अम्मी-अब्बा खरे ८५-८५ किलोचे निघाले आणि “असेल पंचवीसेक किलो” म्हणून ठेवलेलं सामान ३५ भरलं, असं धरा. कागदावर ११९ आहे. प्रत्यक्षात वजन ९७७, मोमेंट १,१८,०९३, आणि गुरुत्वमध्य १२०.९. विमान मर्यादेबाहेर गेलं आणि वैमानिक मुलीला त्याचा पत्ता नाही. तिचा हिशेब अचूक होता, तिला दिलेले आकडे खोटे होते.

हे भिती घालायला सांगत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथं बीचक्राफ्ट १९०० जातीचं छोटं प्रवासी विमान उडताच कोसळलं आणि त्यातले सगळे २१ जण गेले. शेपटीच्या पंखाच्या तारा दुरुस्तीत चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या, हे एक कारण. पण विमान जडही होतं आणि गुरुत्वमध्य मागे गेलेला होता. हिशेब तर नियमाप्रमाणेच केला होता! नियमात माणशी जे सरासरी वजन धरलं होतं ते जुनं होतं; माणसं दरम्यान जाड झाली होती. त्यानंतर तिथल्या सरकारनं ती सरासरी वाढवली. त्याआधी २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामा बेटांवरून निघालेलं सेसना ४०२ कोसळून आलिया ही तरुण गायिका आणि आणखी आठ जण मरण पावले. त्या विमानातही प्रमाणाबाहेर वजन भरलेलं होतं आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे होता.

शे-दीडशे माणसांच्या मोठ्या विमानात सरासरी धरून चालतं, कारण एक जाडा तर एक बारीक असं जमून जातं. चार जणांत कसलं जमतंय? म्हणून लहान विमानात प्रत्येकाचं खरं वजनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी!

तुमच्या मनात आलं असेल, ते रिकाम्या विमानाचे ६६० किलो आणि १०० सेंटिमीटर कुठून आले? ते येतात प्रत्यक्ष वजनातून. विमान बंद हँगरमध्ये नेतात, दारं लावून घेतात, कारण नुसत्या वाऱ्याच्या झुळकेनंही पंख थोडे उचलले जातात आणि काटा खोटं बोलतो. मग विमान अगदी समपातळीत आणून प्रत्येक चाकाखाली एकेक काटा ठेवतात. तीन काटे, तीन आकडे. प्रत्येक आकडा त्या चाकाच्या अंतरानं गुणायचा, बेरीज करायची, भागायचं. तोच गुणाकार, तोच भागाकार.

पण विमान काही जन्मभर तसंच राहत नाही. घरात कसं, फ्रीज बदलला, सोफा काढला, माळ्यावर पेटी गेली. तसंच तिथंही. समजा, ४० सेंटिमीटरवरचा जुना जड रेडिओ काढून त्याच जागी नवा बसवला, ५ किलोनं हलका. वजन झालं ६५५. मोमेंटमधून ५ गुणिले ४०, म्हणजे २०० गेले, उरले ६५,८००. भागाकार १००.५. पाहिलंत? विमान हलकं झालं, आणि तरीही गुरुत्वमध्य अर्धा सेंटिमीटर मागे सरकला, कारण वजन कमी झालं ते पुढून. अर्धा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण काठावरच्या त्या सहलीत त्यामुळे गुरुत्वमध्य मर्यादेच्या आणखी जवळ गेला असता. म्हणून असा प्रत्येक बदल विमानाच्या कागदपत्रांत नोंदावा लागतो आणि जुना आकडा खोडून नवा लिहावा लागतो. फारच मागे सरकला तर पुढे शिशाची वजनं बसवतात, पतंगाला कन्नी लावतात तशी.

पेट्रोलही उडता-उडता संपतं. म्हणून हिशेब निघतानाचा आणि उतरतानाचा, दोन्ही करायचे. आपल्या सेसनात अब्बा पुढे बसलेले असताना ४० किलो पेट्रोल जळलं, तर गुरुत्वमध्य जेमतेम ३ मिलिमीटर पुढे येतो, कारण टाक्या त्याच्या जवळच आहेत. पण काही विमानांच्या टाक्या पुढे असतात. त्यांत पेट्रोल संपेल तसा गुरुत्वमध्य मागे-मागे जातो. निघताना सगळं ठीक आणि उतरताना पंचाईत.

ही सगळी विद्या परदेशातली, असं समजू नका. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मुंबई फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी चिमुकल्या पुस मॉथ विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणली. आणि आपल्या मीरा रोडहून लोकलनं जेमतेम तीन स्थानकं गेलं की कांदिवली. तिथं चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं! आपण गच्चीवर पापड वाळत घालतो. त्यांच्या घरच्यांनी काय-काय सोसलं असेल, हा विचार माझ्या मनात आधी आला. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारी नोंदणी झाली, आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

कारखान्यातून आलेल्या विमानाचं पुस्तक तयार मिळतं. स्वतः बांधलेल्या विमानाचं पुस्तक आपणच लिहायचं असतं. प्रत्येक खिळा, प्रत्येक तार, रंगाचा प्रत्येक हात वजनात भर घालतो, आणि हे सगळं कुठे बसलंय तेही महत्त्वाचं. पुढची मर्यादा कुठे, मागची कुठे, हे आधी कागदावर काढायचं आणि मग थोडं-थोडं वजन हलवत आकाशात पडताळून पाहायचं. स्वयंपाकघरात मीठ अंदाजानं टाकणाऱ्या आपण. हे काम अंदाजाचं नव्हे.

आता तुमच्या वाट्याला अशी सहल आलीच, तर काय करायचं? वजन विचारलं की कपडे, चपला, खांद्यावरची पर्स आणि मांडीवरचं मूल यांच्यासकट सांगायचं. मूल मांडीवर असलं तरी ते हिशेबात धरावं लागतं. बसायला जी जागा दिली तीच घ्यायची. मध्येच “मला खिडकी हवी” म्हणून जागा बदलायची नाही. शेवटच्या क्षणी कुणी “एवढी पिशवी तेवढी न्या हो” म्हणालं, तर वैमानिकाला दाखवल्याशिवाय ती मागे टाकायची नाही. वैमानिकानं दोन डबे खाली ठेवायला लावले तर रुसायचं नाही.

बॅग घरच्या काट्यावर नीट राहत नसेल तर आधी एकट्या उभ्या राहा, मग बॅग हातात घेऊन उभ्या राहा, आणि वजाबाकी करा. काटा खरा आहे की नाही, हे पाहायचं असेल तर तसंच आट्याची न फोडलेली दहा किलोची पिशवी हातात घेऊन बघा. बरोबर दहाचा फरक पडायला हवा. आणि काटा गालिच्यावर किंवा पायपुसण्यावर ठेवू नका, वजन चुकीचं दाखवतो. उघड्या फरशीवर ठेवा.